तेंदूपत्ता: पर्याय एक की पर्याय दोन?

दर हिवाळ्यात पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित भागातल्या, ग्रामसभांपुढे तोच प्रश्न येतो. तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानाचा, हंगाम वन विभागाकडे सोपवायचा (पर्याय एक), की लिलाव, करार, वाहतूक सगळं आपणच करायचं (पर्याय दोन)? मालकी दोन्हीकडे ग्रामसभेचीच. 1996 चा पेसा आणि 2006 चा वनहक्क कायदा दोन्ही तेच सांगतात. ठरवायचं एवढंच, की विक्रीची सूत्रं मालकाने स्वतःकडे ठेवायची की नाही. आमची ग्रामसभा गडचिरोलीतली आणि पर्याय दोनवाली, तेव्हा माझा तराजू थोडा कललेला आहे हे धरूनच वाचा. फळी म्हणजे पानं मोजून घेण्याची गावातली जागा, पुडा म्हणजे पानांची बांधलेली जुडी, आणि खुटकटाई म्हणजे नवं पान फुटावं म्हणून हंगामाआधी केलेली तेंदूच्या झुडपांची छाटणी.

आधी पर्याय एकची जमेची बाजू, कारण ती खरी आहे. आजूबाजूच्या गावांचं मिळून विक्रीसाठी एक युनिट होतं, म्हणून मोठा खरेदीदार बोली लावायला येतो. निविदेच्या अटी, अनामत, करारनामा सगळं तयार असतं. ठेकेदाराने पैसे बुडवले तर वसुलीच्या मागे यंत्रणा असते, गावाला वकील शोधावा लागत नाही. चाळीस-पन्नास गोण्यांचं गाव असेल, लिहिणारं-वाचणारं माणूस एखादंच असेल किंवा गावात दोन तट असतील, तर हा मार्ग चुकीचा म्हणता येणार नाही. तट पडलेल्या गावात लिलावाचा पैसा आला की तट रुंदावतात, हेही आहेच.

पैशाचं म्हणाल, तर तोडाईची मजुरी दोन्हीकडे फळीवरच मिळते. फरक रॉयल्टीत, म्हणजे पानांच्या किमतीपोटी ठेकेदार देतो त्या रकमेत. पर्याय एकमध्ये ती आधी वन विभागाकडे जमा होते आणि हिशेब झाल्यावर बोनस म्हणून खात्यावर येते. उशीर होतो अशी ओरड सगळीकडे ऐकू येते. पण उशिरासाठी एकट्या पर्याय एकला दोष देणं बरोबर नाही. पर्याय दोनमध्येही ठेकेदार शेवटचा हप्ता लांबवतोच.

माझ्या मते निर्णय उशिरावर ठरत नाही, फळीवरच्या मोजणीच्या वहीवर ठरतो.

महाराष्ट्रात पुडा 70 पानांचा आणि प्रमाण गोणी 1000 पुड्यांची, म्हणजे 70,000 पानं. मजुरी आणि बोनस दोन्ही पुड्यांच्या मोजणीवर. आता फळीवर काय चालतं ते बघा. ठेकेदाराचा मुन्शी, म्हणजे पुडे मोजून घेणारा त्याचा माणूस, शेकड्यामागे चार पुडे जादा मागतो. कारणं ठरलेली: पान लहान आहे, पुड्यात पानं कमी भरतात, वाळल्यावर घट येते. समजा एका घराने रोज 200 पुडे याप्रमाणे 15 दिवस तोडाई केली. 3000 पुडे झाले. शेकड्यामागे चार गेले म्हणजे 120 पुडे, अर्थात 8,400 पानं फुकट. शंभर घरांच्या गावात हे 12,000 पुडे होतात, म्हणजे 12 प्रमाण गोण्या. त्यांची मजुरीही गेली आणि, वहीत नोंदच नसल्यामुळे, रॉयल्टीही. वही ठेकेदाराची असली की संध्याकाळी अंधारात, डोक्यावर ओझं घेऊन रांगेत उभी असलेली बाई मुन्शीशी किती वाद घालणार? तक्रार केली तरी पुरावा त्याच वहीत असतो.

पर्याय दोनमध्ये वही ग्रामसभेची ठेवता येते. ‘येते’ म्हणतो, कारण आपोआप तसं होत नाही. लिलाव ग्रामसभेचा आणि फळी मात्र ठेकेदाराच्या माणसाच्या ताब्यात, अशीही गावं आहेत. त्यांनी पर्याय दोनचा सगळा त्रास घेतला आणि फायदा सोडून दिला. मोजणीला गावातलीच दोन माणसं बसवा, त्यात एक बाई असू द्या. नोंद दोन प्रतींत करा आणि एक प्रत तोडणाऱ्याच्या कार्डावर त्याच वेळी उतरवा. पुडा कमी भरला तर तोच परत द्यायचा, शेकड्यावर सरसकट कपात नाही, ही अट करारातच लिहा.

करारात आणखी तीन गोष्टी हव्यात. मजुरीचा आणि रॉयल्टीचा दर वेगवेगळा लिहा. एकच ठोक आकडा लिहिला की मजुरी वाढवल्याचा देखावा करून रॉयल्टी कापली जाते. दुसरं, पुडे मोजून घेतल्यानंतर ते वाळवणं, उलटवणं, गोणीत भरणं आणि अवकाळी पावसाचं नुकसान ठेकेदाराचं. पावसात पान काळं पडलं की दर पाडून मागण्याचा प्रयत्न हमखास होतो. तिसरं, खुटकटाई कोण करणार आणि कधी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती नीट झाली तरच मेमध्ये कोवळं, सारखं पान मिळतं. ती टाळून फुटवा यावा म्हणून कोणी जंगलाला आग लावली तर करार रद्द, असं स्पष्ट लिहा.

वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, हे ग्रामसभेच्या हातातलं खरं हत्यार. 27 एप्रिल 2011 ला आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूचं टीपी बुक ग्रामसभेच्या हवाली केलं. त्यानंतर 2012 च्या सुधारित नियमांनी गौण वनोपजाचा (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाचा) परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आल्याचं स्पष्ट झालं. तेव्हा हप्ता खात्यावर जमा झाल्याशिवाय गोदामातून गोणी हलू देऊ नका. चेक दिला म्हणून टीपी फाडायची नाही. चेक वटला की मग. गाडी क्रमांक, गोण्यांची संख्या, कुठून कुठे आणि मुदत, यातला एकही रकाना कोरा ठेवू नका. सही करणाऱ्यांचे नमुने आणि शिक्क्याचा ठसा वनपरिक्षेत्र कार्यालयात आधीच देऊन पोच घ्या, नाहीतर नाक्यावर गाडी अडते आणि ठेकेदार तो खर्च तुमच्या नावावर टाकतो.

दर चढला की शेजारच्या गावांची पानंही तुमच्या फळीवर येऊ लागतात. ती नोंदली गेली तर रॉयल्टी वाटताना भांडणं ठरलेली. फळीवर गावाच्या यादीबाहेरचं कार्ड चालणार नाही, हे हंगामाआधीच ठरवा.

पर्याय दोनची खरी जोखीम बाजारभावाची. 2017 ला भाव चढले आणि 2018 ला कोसळले. अशा वर्षी एकट्या गावाला बोली लावणाराच मिळत नाही. म्हणून एकट्याने उतरू नये. गडचिरोलीतल्याच कोरचीकडे महाग्रामसभेने, म्हणजे अनेक ग्रामसभांच्या संघाने, केलं तसं दहा-वीस गावांनी मिळून जाहिरात द्यावी, लिलाव एकत्र घ्यावा. करार आणि खातं मात्र प्रत्येक गावाचं वेगळं. हे जमत नसेल तर यंदा पर्याय एक घ्यायलाही हरकत नाही. तेव्हाही वहीची दुसरी प्रत ठेवण्याचा आग्रह सोडू नका.

काही तरुण विचारतात, पर्याय दोन घेतला तर सागही विकता येईल का? नाही. कायद्यातल्या गौण वनोपजात बांबू, तेंदू, मध, लाख, मोहफूल येतं, इमारती लाकूड येत नाही. तो विषय ठरावात घुसडला तर तेंदूचंही काम अडकून पडतं.

तिसरी वाटही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदू तोडणंच बंद केलं, कारण छाटणी आणि आग यांनी झाडाचं आणि फळाचं नुकसान होतं. त्यांचा आधार बांबू आहे. तुमच्या जंगलात विक्रीजोगा बांबू असेल तर सभेत हाही मुद्दा मांडून बघा.

सभा मात्र उशिरा घेऊ नका. खुटकटाईच्या आधी ठराव हवा, आणि वनहक्क नियमांप्रमाणे कोरम निम्म्या सभासदांचा, उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला. ठरावात पर्यायाचा क्रमांक, सही करणाऱ्यांची नावं, बँक खातं आणि मोजणीची वही कोणाकडे राहील, एवढं लिहिलं की पुरे.