छोट्या शहरातले अकरा महिने, पंधरा वर्षांचा मुलगा आणि आठ दहाची बस

तिसऱ्या महिन्यात मी या शहराला पाचपैकी चार तारे दिले होते. सातव्या महिन्यात, एका रात्रीत, त्यातले दोन काढून घेतले. आज अकरा महिने झाले आणि मी साडेतीनवर आले आहे. चाराला अर्धा कमी का, तर तो अर्धा आठ दहाच्या बसमध्ये अडकला आहे.

मोठं शहर सोडलं की काय मिळतं हे आता सगळ्यांना पाठ आहे. घर मोठं, हवा बरी, गर्दी कमी, महिनाअखेरीला हातात काहीतरी उरतं. हे सगळं आम्हालाही मिळालं, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. मी लिहिते आहे ते अशा लोकांसाठी ज्यांच्या घरात नववी-दहावीच्या आसपासचं मूल आहे आणि जे सध्या रात्री जागून शहरांचे तक्ते करताहेत.

तक्ता मीही केला होता. तीन शहरं, एकोणीस रकाने. घरभाडं, पाणी, वीज किती वेळा जाते, इंटरनेटचा अपलोडचा वेग (डाउनलोडच्या आकड्यावर भुलू नका, घरून काम करणाऱ्याला रडवतो तो अपलोड), मोठं रुग्णालय किती लांब, रेल्वे किती लांब. परवा तो तक्ता पुन्हा उघडला तेव्हा दिसलं की एकोणिसातले सतरा रकाने माझ्या आणि नवऱ्याच्या सोयीचे होते. मुलासाठी दोनच, शाळा आणि पोहण्याचा तलाव. दोन्हींपुढे ‘आहे’ असं लिहून मी मोकळी झाले होते.

मुलाला आम्ही विचारलं होतं, नाही असं नाही. पण सगळं जवळजवळ ठरल्यावर. त्याने तेव्हा एकच प्रश्न केला, “तलावावरून रात्री घरी कसं यायचं?” आम्ही दोघं हसलो. “आम्ही आहोत ना.” या तीन शब्दांची किंमत मी पुढे मोजली. माझ्याकडे पेट्रोलची वही आहे. आठवड्यात चार दिवस सराव, तलाव घरापासून सहा किलोमीटर, जाताना तो दुपारच्या बसने जायचा, आणायला मी. म्हणजे आठवड्याला ४८ किलोमीटर. चोवीस आठवड्यांत ११५२. एवढ्यात माणूस परराज्यात जाऊन येतो. मी तलावाच्या फाटकापर्यंत जाऊन येत होते. नवरा महिन्यातले पंधरा दिवस कामासाठी बाहेर, त्यामुळे ‘आम्ही आहोत’ मधला ‘आम्ही’ बहुतेक वेळा एकवचनीच होता.

आणि हे का, तर सराव आठला संपतो आणि शेवटची बस आठ दहाला सुटते. थांबा चारशे मीटरवर. ओलं डोकं, पाठीवर बॅग, कपडे बदलायचे, कोच शेवटची पाच मिनिटं बोलणार. दहा मिनिटांत हे बसवून दाखवा. हे वेळापत्रक ज्याने आखलं त्याला घरात पोहणारं मूल नसावं.

आता ती रात्र. माझी एक मीटिंग हलत नव्हती. मी मुलाला सांगितलं, पाऊण तास आधी नको, पण पंधरा मिनिटं आधी नीघ आणि बस पकड. तो निघाला, थांब्यावर वेळेत पोचला. बस आलीच नाही. ‘प्रवासी कमी’ म्हणून ती फेरी त्या दिवशी रद्द केली होती आणि तसं लिहिलेला कागद आगाराच्या आतल्या भिंतीवर होता. थांब्यावर काही नाही. पाऊस सुरू झाला, त्याच्या फोनची बॅटरी संपली. ॲपवर भाड्याच्या गाड्या इथे आठनंतर दिसतात, येत नाहीत. तो आठ पस्तीसपर्यंत थांबला आणि चालायला लागला. दहाला दहा कमी असताना दार वाजलं. त्या सव्वा तासात मी किती जणांना फोन केले ते सांगत नाही, पण इथे येऊन सात महिने झाले तरी फोन करावा अशी माणसं मोजून तीन निघाली, हे त्या रात्री कळलं. मुलगा मात्र बूट काढत शांतपणे म्हणाला, “मी विचारलं होतं.”

दुसऱ्या दिवशी मी आगारात. साहेब म्हणाले, प्रवासी नाहीत म्हणून बस नाही. मी म्हटलं, बस नाही म्हणून प्रवासी नाहीत. असं आम्ही चार वेळा एकमेकांना सांगितलं. मग मी घरी येऊन वाचायला बसले आणि लेखी अर्ज केला. दर चाळीस मिनिटांनी बस असेल तर नुसतं थांब्यावर येऊन उभं राहणाऱ्याला सरासरी वीस मिनिटं वाट बघावी लागते. फेऱ्या दुप्पट केल्या तर दहा. वाट कमी झाली की प्रवासी वाढतात, प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवणं परवडतं, आणि त्याचा फायदा आधीपासून बसने जाणाऱ्यालाही होतो. हर्बर्ट मोहरिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने हे गणित १९७२ साली मांडलं. उलट्या दिशेनेही ते तितकंच चालतं, एक फेरी काढा, चार माणसं दुचाकी घेतात, मग दुसरी फेरीही रिकामी. साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला, हे त्यांचं मोठेपण. मग म्हणाले, “मॅडम, अर्थशास्त्राने बस सुटत नाही, डिझेलने सुटते.” वाक्य चांगलं होतं. बस नाहीच मिळाली.

एका बसवरून मी एवढं का पेटले, असं कुणी म्हणेल. नवरा म्हणतोच. पण माझ्या डोक्यात तो हिशोब असा बसला आहे. गाडी चालवणाऱ्या माणसाला शहर जेवढं नकाशावर असतं तेवढं मिळतं. परवाना नसलेल्या पोराला तेवढंच मिळतं जिथे त्याला एकट्याला जाता येतं आणि तिथून अंधार पडल्यावर परतही येता येतं. आमच्या मुलासाठी हे शहर पहिले सात महिने शाळा, घर आणि त्यामधला बारा मिनिटांचा रस्ता एवढंच होतं. तलावावर तो माझ्या गाडीतल्या सामानासारखा जात-येत होता, निदान येत होता.

मैत्रीचंही तेच. जेफ्री हॉल या अभ्यासकाचं २०१८ मधलं काम आहे. नुसत्या ओळखीची वरवरची मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणण्यासाठी ९०, आणि जिवलगासाठी २०० च्या वर. त्यातही एकत्र काम करण्यात गेलेले तास फारसे कामाला येत नाहीत, रिकामटेकडे तास लागतात. माझ्या मुलाचे रिकामटेकडे तास सराव संपल्यावर सुरू व्हायचे आणि मी फाटकाबाहेर हॉर्न वाजवायचे. बाकीची मुलं तिथेच कट्ट्यावर बसलेली असायची. मी पोराला वेळेवर घरी आणते आहे या समाधानात होते. प्रत्यक्षात मी त्याचे दोनशे तास दहा-दहा मिनिटांनी खात होते.

आणखी एक गोष्ट मी आल्यानंतर वाचली, आधी वाचली असती तर कदाचित एक वर्ष थांबले असते. डेन्मार्कमध्ये १९७१ ते १९९७ या काळात जन्मलेल्या १४ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी घर-गाव बदलणं आणि पुढच्या आयुष्यातल्या अडचणी यांचा संबंध त्यात तपासला आहे, आणि तो सर्वांत ठळक दिसतो तो १२ ते १४ या वयातल्या बदलांत. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मला कळतं. रात्री दीड वाजता वाचताना कळत नाही. आमचा तेव्हा साडेचौदाचा होता. मी त्या ‘साडे’ला धरून झोपले.

आता जे चांगलं निघालं ते, कारण तारे परत वाढवलेत तर कारण सांगायला हवं.

सगळ्यांत मोठी गोष्ट झोप. जुन्या शहरात शाळा एका बाजूने सत्तर मिनिटं होती. इथे चालत बारा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात, आणि या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, लवकर झोप म्हटलं तरी झोप येत नाही. म्हणजे वेळ सापडणार तो फक्त सकाळी. आमच्या पोराला रोज जवळजवळ एक तास झोप जास्त मिळायला लागली आणि दुसऱ्या महिन्यात घरात एक अनोळखी, बोलका मुलगा वावरू लागला. ते चार तारे याच गोष्टीचे होते.

तलाव २५ मीटरचा आहे, जुना ५० चा होता. दोन महिने त्याला ‘डबकं’ हेच नाव होतं. मग त्यालाच लक्षात आलं की शंभर मीटर पोहताना तिथे एकदाच वळावं लागायचं, इथे तीनदा. भिंतीपाशी कोलांटी मारून ढकलणं हा त्याचा कच्चा भाग, तोच नाइलाजाने तिप्पट घोटला गेला. कोच म्हणतो आता तेच त्याचं हत्यार आहे. डबकं म्हणणं बंद झालेलं नाही, पण आवाजात माया आली आहे.

शाळेबद्दल थोडक्यात. माहितीपत्रक बघू नका, वरच्या दोन इयत्तांचं खरं वेळापत्रक मागा. छोट्या शाळेत विषयांची यादी लांब असते आणि पुरेशी मुलं नाहीत म्हणून त्यातले निम्मे विषय सुरूच होत नाहीत. आम्हाला एका विषयासाठी ऑनलाइन वर्ग लावावा लागला. आणि शहरात बारावीनंतर मुलं थांबतात का, हे बघा. जिथे अठरा ते पंचवीसची पिढी बाहेर निघून जाते तिथे मोठ्या भावासारखे कोच, शिकवणारे, वाचनालयात गप्पा मारणारे कुणीच उरत नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलाला आईबापांच्या सल्ल्यापेक्षा वीस वर्षांच्या पोराचं एक वाक्य पुरतं, आणि ते वीस वर्षांचं पोर शहरात असावं लागतं. इथे महाविद्यालय आहे म्हणून वाचलो. फक्त सुट्टीत गाव एकदम म्हातारं होतं.

दातांना तारा लावलेल्या अवस्थेत गाव बदलू नका. एवढंच सांगते. नव्या डॉक्टरांना जुन्याचं काम पटत नाही, जुन्या नोंदी मागवाव्या लागतात, आणि आमचे तज्ज्ञ इथे दोन आठवड्यांतून एकदा येतात.

त्या रात्रीनंतर काय झालं, तेही सांगायला हवं. मी घाबरून केलेल्या फोनांपैकी एक तलावावरच्या दुसऱ्या मुलाच्या आईला होता. तिला मी फक्त तोंडओळखीने ओळखत होते. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, त्यात आणखी दोन घरं जोडली गेली आणि चार घरांची आळीपाळी ठरली. माझे ४८ किलोमीटर बारावर आले. मोठ्या शहरात दहा वर्षं राहून असं कधी जुळलं नव्हतं. वहीत फरक बघून मी एक तारा तिथल्या तिथे परत दिला. आणि एक नियम माझ्या हट्टाने लागू झाला, हॉर्न साडेआठच्या आधी वाजवायचा नाही. कट्टा अर्धा तास त्यांचा.

पण ज्याच्यासाठी हे सगळं, तो खूश नाही. “आधी एका घराचं सामान होतो, आता चार घरांचं.” त्याला सायकलने यायचं आहे. सहा किलोमीटर म्हणजे चोवीस-पंचवीस मिनिटं, रस्ता सपाट. मी एकदा त्याच्या मागे गाडी हळूहळू चालवत चाचणी घेतली (त्याच्या मते आयुष्यातला सर्वांत लाजिरवाणा प्रसंग). सगळं ठीक आहे, फक्त मधला आठशे मीटरचा पट्टा पूर्ण काळोखा. दिव्यांसाठी अर्ज दिला आहे. या शहरातल्या कार्यालयांत माझं अक्षर आता ओळखतात.

तेव्हा तुम्ही शहर बघायला जाणार असाल तर रविवारी दुपारी जाऊ नका, त्या वेळी सगळीच छोटी शहरं गोड दिसतात. मंगळवारी जा, रात्री आठला, आणि गाडी लांब लावून ठेवा. मुलाला सांगा, तुझ्या आवडीच्या जागेवरून मुक्कामाच्या ठिकाणी एकटा येऊन दाखव. ते जमलं तर बाकीचे अठरा रकाने नंतर भरले तरी चालतील.

ताजी खबर. आगाराने गेल्या आठवड्यापासून आठ चाळीसची एक फेरी तीन महिन्यांच्या प्रयोगावर सुरू केली आहे. अट अशी की तिकिटं मोजणार, कमी भरली तर बंद. अर्थशास्त्राने का डिझेलने ते मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी तलावावरची पाच पोरं चढली. मला ते कमी वाटलं, म्हणून आता माझा बारीचा दिवस असला की मी गाडी घरी ठेवते, आधीच्या बसने तलावावर जाते आणि त्या बसने परत येते. दोन तिकिटं वाढतात. मुलगा सगळ्यात मागच्या सीटवर बसतो आणि मी त्याची कुणी नाही अशा चेहऱ्याने खिडकीबाहेर बघतो. काल कंडक्टरने मला विचारलं, “रोज कुठे जाता मॅडम?” मी म्हटलं, “कुठेच नाही, परतच येते.” मागून कुणीतरी हसलं. बहुतेक तोच.