एक स्टार दिला होता, तो बदलतोय (लग्नपत्रिका छापणारी प्रेस, नगर)

मार्चमध्ये ह्या प्रेसला मी एक स्टार दिला होता, "बेजबाबदार लोक, लग्नघरात भांडण लावून दिलं, चुकूनही जाऊ नका" असं लिहून. ते आज काढून टाकलं आणि त्याच्या जागी हे टाकतोय. दुकानाचं नाव परत घेत नाही, मागच्या वेळी घेतलं तेवढं बास झालं.

आधी कामाचं. धाकट्या बहिणीचं लग्न, ३०० पत्रिका, जाड कागद, वर सोनेरी फॉइलचा क्रॉस, पाकिटासकट २६ रुपयाला एक. कागद एक नंबर, फॉइल कुठेच निघालं नाही, अक्षर ठसठशीत. उशीर मात्र करतात, चार दिवस म्हणून आठ लावले, आणि मालक कधी फोन उचलत नाहीत, त्यांचा मुलगा उचलतो आणि "पप्पा जेवायला गेलेत" म्हणतो, सकाळचे साडेदहा वाजले असले तरी.

गंमत पहिल्या प्रूफला (छापण्याआधीच्या नमुन्याला) झाली. नगरमध्ये छपाईची आणि आम्हा ख्रिस्ती लोकांची जुनी ओळख, ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ ला इथूनच निघालं, त्यामुळे मला उगाच वाटायचं की इथल्या प्रेसवाल्याला आपली पत्रिका पाठ असणार. वर बायबलमधल्या १ करिंथ १३ मधलं वचन दिलं होतं, "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे". कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्या डीटीपीवाल्या पोराला वाटलं प्रीती म्हणजे नवरी, त्याने ते नाव मोठं करून लाल रंगात टाकलं आणि मला विचारतो, सर आडनाव राहिलं का. आम्ही दोघं पोट धरून हसलो. वचन अजून लांब होतं, पुढे "अपकार स्मरत नाही" पण आहे, पण दोन ओळींत बसेना, म्हणून मीच म्हणलं काढ ते, एवढंच ठेव.

आता मूळ भानगड. निमंत्रकांमध्ये थोरल्या काकांचं नाव सगळ्यात वर हवं, पप्पा नाहीत त्यामुळे तेच मोठे. मी दुसऱ्या प्रूफवर पेनाने लिहून दिलं की हे नाव वरून काढून खालच्या यादीत घ्या. कशासाठी? तर दोन वर्षांपूर्वी पप्पांना माती देऊन परत येताना काका रिक्षात म्हणाले होते, "वेळेवर पुण्याला नेलं असतं तर वाचला असता." बस, एवढंच. त्यांचा भाऊ गेलेला, तोंडातून निघून गेलं असेल, पण मी ते वाक्य दोन वर्षं रोज रात्री काढून पुसून परत ठेवत होतो, चांदीच्या भांड्यासारखं.

तिसरं प्रूफ व्हॉट्सॲपवर रात्री ११:४० ला आलं. नाव वरून निघालं होतं पण खाली आलंच नव्हतं. ही प्रेसची चूक, शंभर टक्के. पण मी ते बघितलं होतं. झूम करून बघितलं. आणि अंगठा पाठवून दिला. झोप येत होती, सकाळी सांगू, असं स्वतःला म्हणलो, पण सकाळी प्लेट छपाईला गेली आणि मला आतून जरा बरंच वाटलं, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

पत्रिका काकांकडे गेली आणि काकूंचा फोन आला. मी लगेच प्रेसवाल्यावर ढकललं. काकू म्हणाल्या असू दे बाबा, चूक होते, आणि विषय तिथेच संपला असता, पण मला काय सुचलं काय माहीत, मी म्हणलं "तसंही तुम्ही लोकांनी आमच्यासाठी केलंय काय." पुढे काय झालं ते सांगायला नको, फॅमिली ग्रुपवर तीन दिवस धुणी धुतली गेली, आतेभाऊ ग्रुप सोडून गेला, आई जेवेना. त्याच रात्री मी तो एक स्टार टाकला. राग कुठेतरी काढायचा होता.

मालकांनी उत्तरात काही लिहिलं नाही. मला फक्त स्क्रीनशॉट पाठवला, प्रूफ आणि त्याखाली माझा अंगठा. एक शब्द नाही वर.

तरी मी दोन आठवडे गप्प होतो. मग महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, आणि पाळकसाहेबांनी याकोबाच्या पत्रातला तिसरा अध्याय घेतला, लहानशी ठिणगी आणि पेटलेलं रान, जीभ म्हणजे आग. ते मी लहानपणापासून ऐकतोय, मान डोलावून सोडून देतो. पण ते पुढे चौथ्या अध्यायात गेले, की तुमच्यातली भांडणं येतात कुठून, तर तुमच्या आतल्या वासनांमधून. तिथे मला ते प्रूफ आठवलं, ११:४० चं. जीभ तर नंतर चालली, अंगठा आधी चालला होता, आणि त्याच्याही आधी ती रिक्षा. येशू म्हणतो ना मत्तयात, अंतःकरणात भरलेलं असतं तेच तोंडातून बाहेर पडतं. माझ्या बाबतीत तर तोंडाचीही वाट बघितली नाही. भाकरीचं ताट माझ्या रांगेपर्यंत आलं आणि मी पुढे सरकवलं, घेतलं नाही. शेजारच्या आजींनी वळून बघितलं.

सोमवारी आधी प्रेसमध्ये गेलो. मालकांना सगळं सांगितलं, मी बघितलं होतं हे पण. ते म्हणाले "आमचीपण चूकच आहे, नाव खाली घ्यायचं राहिलं", आणि ५० पत्रिका नवीन काढून दिल्या, फक्त कागदाचे पैसे घेऊन. वचनाला हात लावायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

त्या घेऊन काकांकडे गेलो. रिक्षातलं सांगितलं, फोनवरचं सांगितलं, अंगठ्याचं सांगताना आवाज बसला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. काकूंनी चहा टाकला. मग त्यांनी चष्मा लावून पत्रिका हातात घेतली, मला वाटलं आपलं नाव शोधतायत, ते पहिल्याच ओळीत होतं, पण त्यांनी वचनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अर्धंच छापलंयस की रे."

आतेभाऊ अजून ग्रुपवर आलेला नाही. लग्नाला आला होता, जेवून गेला.

तर चार स्टार. एक कापलाय तो उशिराचा. आणि प्रूफ मोबाईलवर बघू नका, दुकानात जाऊन ए-फोर प्रिंट मागा, दहा रुपये घेतात, घरातल्या सगळ्यांना दाखवा आणि मगच हो म्हणा.