बेंझोएटच्या पिशवीत मीठ

रतांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, हंगाम जवळ आलाय, म्हणून अमृत कोकम (सरबतासाठीचा गोड पाक) करणाऱ्या बचत गटांना आधीच सावध करते. सुटं सोडियम बेंझोएट, म्हणजे पदार्थ टिकवायची पावडर, विकणाऱ्या एका फिरत्या विक्रेत्याने आम्हाला फसवलं.

आमचा गट वेंगुर्ले तालुक्यातला. आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारट रसाची, चिंता नसते, त्यात मीठच एवढं असतं. अमृत कोकमाचा पाक मात्र जरा पातळ राहिला की पावसाळ्यात आंबतो, म्हणून बेंझोएट. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे दुसरं प्रिझर्वेटिव्ह कोकमाचा रंग उडवतं, त्यामुळे ते चालत नाही. बेंझोएट आंबट पदार्थातच नीट काम करतं, आणि कोकमाच्या आंबटपणाबद्दल कोकणात काय सांगायचं! प्रमाण लिटरला साधारण ०.७ ग्रॅम. त्याने बेंझोइक आम्ल ६०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ६००) आसपास राहतं, सरबत-स्क्वॅशसाठी आम्हाला शिकवलेली मर्यादा तीच.

हा माणूस टेम्पोतून बाटल्या, झाकणं, सायट्रिक ॲसिड असं सगळं घेऊन यायचा. त्याने दिलेलं पहिलं पाकीट अस्सल होतं. विश्वास बसला तो तिथेच. मग मे महिन्याच्या ऐन गडबडीत, सगळ्यांचे हात पाकात असताना, मोठी पिशवी आली. वर साध्या कागदाची चिठ्ठी, 'फूड ग्रेड'. बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. बिलावर नुसतं 'केमिकल'. विचारलं तर म्हणे, "ताई, पक्कं बिल पुढच्या फेरीला."

पाऊस सुरू झाला आणि मुंबईला गेलेल्या बाटल्यांच्या तक्रारी यायला लागल्या. झाकणं फुगलेली, उघडताच फस्सकन फेस, ताडीसारखा वास. विक्रेत्याला फोन केला तर त्याने आमच्यावरच उलटवलं: बाटल्या नीट उकळल्या नसतील, हात ओले असतील. पैशांपेक्षा हे जास्त लागलं, कारण गटातल्या बायका एकमेकींकडे संशयाने बघू लागल्या. "आमचाच काय तरी चुकला असतला," असं म्हणत एक काकू तर यायच्याच बंद झाल्या.

उलगडा केला तो गटातल्या एकीच्या भाच्याने, तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. जुन्या पाकिटातली चिमूटभर पावडर उरली होती. दोन्ही पावडरी थोड्याशा पाण्यात दाट विरघळवल्या आणि वर सायट्रिक ॲसिडचं पाणी घातलं. जुनीत लगेच पांढरा चोथा जमला, ते बेंझोइक आम्ल. पाण्यात ते फारसं विरघळत नाही. नवीत जेमतेम गढूळपणा. नवीतली उरलेली पावडर तापवली तर तडतडली. मीठ! शिरोड्याची मिठागरं ज्या तालुक्यात आहेत, तिथल्याच बायकांना मीठ प्रिझर्वेटिव्हच्या भावाने विकलं होतं.

ही चाचणी घरी करता येते, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नका. पावडरीत बेंझोएट आहे की नाही एवढंच ती सांगते, ते खाण्याच्या दर्जाचं आहे का हे नाही. हेच रसायन गाडीच्या कूलंटमध्ये गंज रोखायला आणि शिट्टी मारणाऱ्या फटाक्यांतही वापरतात. कारखान्यासाठीचा माल स्वस्त मिळतो, चाचणीत चोथाही देतो, पण त्यात काय अशुद्धी आहे ते तुम्हाला दिसत नाही. "अहो, एकच असतं सगळं," असं कोणी म्हणालं तर पिशवी परत करा. बंद पाकीटच घ्या: त्यावर आयएनएस २११ (सोडियम बेंझोएटचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), बॅच, तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक हवा. बिलावर 'सोडियम बेंझोएट, फूड ग्रेड' असंच लिहून घ्या.

फसला असाल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. "तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही" असं कोणी सुनावलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं नाव घ्या; पोटापाण्यासाठी स्वतः राबून व्यवसाय करणारा त्यात ग्राहकच धरला जातो. आणि उरलेली पावडर रागाने ओतून टाकू नका. आमच्या एकीने जवळजवळ सगळी परसात फेकली होती. तळाशी राहिलेल्या मूठभरावरच आमची तक्रार उभी आहे.