शोरूमचा पार्ट की बाहेरचा? बडोद्यात गाडी दुरुस्त करताना पैसे नेमके कुठे जातात

गाडीची वॉरंटी संपली की घरात एक वाद ठरलेला असतो, शोरूमला न्यायची की ओळखीच्या मिस्त्रीकडे. काका म्हणणार शोरूमवाले कापतात, मेहुणा म्हणणार बाहेर सगळा डुप्लिकेट माल भरलाय. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल: एकाच पार्टच्या दोन ठिकाणच्या भावात लोकांना वाटतो तेवढा फरक नसतो. बिल फुगतं ते काय बदललं त्यावरून, म्हणजे अख्खी असेंब्ली बदलली की आतला खराब झालेला तुकडा.

आधी भावाचं बघू. शोरूम तुम्हाला पार्ट एमआरपीला देतं. एमआरपी म्हणजे सगळे टॅक्स धरून जास्तीत जास्त किंमत, त्याच्या वर कोणी घेऊ शकत नाही पण खाली द्यायला कोणाची बंदी नाही. आणि मारुती, ह्युंदाई, टाटा यांचे ओरिजिनल पार्ट फक्त शोरूममध्येच मिळतात असं काही नाहीये, कंपन्यांचे डिस्ट्रिब्युटर असतात आणि त्यांच्याकडून तोच सीलबंद डबा साध्या दुकानात येतो (ह्युंदाईचा असेल तर डब्यावर मोबिस लिहिलेलं असतं). दुकानदार एमआरपीवर थोडं सोडतो, किती ते ओळख आणि बिलाच्या आकारावर. समजा २,००० चा पार्ट आहे आणि त्याने दहा टक्के सोडले तर तुमचे २०० वाचले. आता २०० रुपयांसाठी कारेलीबागहून मकरपुऱ्यापर्यंत दुपारच्या उन्हात जायचं का हे ज्याचं त्याने बघावं, पण क्लच सेट, सस्पेन्शन असं १५-२० हजारांचं काम असेल तर मात्र तेच दहा टक्के डोळ्यात भरतात.

दुकानात गेलात की गाडीचं मॉडेल सांगून काम होत नाही. चांगला दुकानदार काऊंटरवरूनच विचारतो, "मॉडल नहीं भाई, चेसिस नंबर आपो." कारण एकाच स्विफ्टमध्ये वर्षानुसार, पेट्रोल-डिझेलनुसार, कधी कधी महिन्यानुसारसुद्धा पार्ट बदललेला असतो, तो चेसिस नंबर कॉम्प्युटरवर टाकतो आणि बरोबर पार्ट नंबर निघतो. आरसी बुकचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, तेवढ्यात भागतं. जो दुकानदार काहीच न विचारता "आ लागी जशे" (हा बसेल) म्हणून डबा पुढे सरकवतो त्याच्याकडून मी तरी बल्बसुद्धा घेणार नाही. अजून एक सोपी गोष्ट, शोरूममधून आधी एस्टिमेट काढून घ्या, त्यात पार्ट नंबर असतात, तो कागद घेऊन बाहेर भाव विचारला की तुलना खरी होते, नाहीतर एकाचा ब्रेक पॅड आणि दुसऱ्याचा ब्रेक पॅड या दोन वेगळ्याच वस्तू निघतात.

दुसरा पर्याय म्हणजे पार्ट ज्याने बनवला त्याच्याच डब्यातला. गाडीची कंपनी बहुतेक पार्ट स्वतः बनवतच नाही. शॉकअॅब्सॉर्बर गॅब्रिएल बनवते, लाइट लुमॅक्स, मारुतीच्या एसीचं काम सुब्रोस करते, काचा असाही ग्लास, तसंच बॉश, वॅलिओ, राणे, डेन्सो वगैरे. हीच मंडळी आपल्या नावाच्या डब्यातही माल विकतात आणि तो शोरूमच्या डब्यापेक्षा स्वस्त पडतो, कारण मधल्या कार कंपनीचं मार्जिन त्यात नसतं. मला विचाराल तर वॉरंटीबाहेरच्या गाडीला हाच सगळ्यात शहाणपणाचा सौदा. फक्त डोळे झाकून एकच माल आहे असं धरू नका, काही वेळा बाजारासाठीची लाइन थोडी वेगळी असते, तेव्हा तुमच्या गाडीवर आधीपासून कोणाचा पार्ट बसलेला आहे ते काढताना बघा आणि त्याच मेकचा मागा.

हा माल पूर्वी सहज मिळू द्यायचा नाही यावरून मोठं प्रकरणही झालं होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड लावला, आक्षेप हाच होता की सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. कंपन्या अपिलात गेल्या, ते चाललं. पण त्या आदेशातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे, की बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी नेली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द म्हणता येणार नाही. तरी वॉरंटी चालू असताना इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंगला बाहेर हात लावू देऊ नये असंच मी म्हणेन, नंतर भांडत बसायला वेळ कोणाला आहे. बॅटरी, टायर, वायपर मात्र तेव्हाही बाहेरून खुशाल घ्या, बॅटरी-टायरची वॉरंटी तशीही त्या त्या कंपनीचीच असते.

तिसरा प्रकार लोकल आणि डुप्लिकेट, आणि या दोघांना एकाच माळेत ओवणं बरोबर नाही. लोकल माल स्वतःच्या नावाने विकला जातो, मडफ्लॅप, फ्लोअर मॅट, दाराचं रबर असल्या गोष्टींना चालतो. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव छापलेला. होलोग्राम बघा, छपाई पुसट आहे का, एमआरपीवर दुसरं स्टिकर चिकटवलंय का, पार्ट नंबर डब्यावर आणि पार्टवर जुळतो का. आणि भावावरून कळतंच, ओरिजिनल ब्रेक पॅड कोणी अर्ध्या किमतीत देत असेल तर त्याला दया आलेली नसते. ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट, इंधनाची लाइन, इथे लोकलही नको.

"बिल जोईये?" हा प्रश्न येईल. बिल नको म्हटलं की भाव थोडा उतरतो, पण पक्कं बिल नसेल तर पार्ट खराब निघाल्यावर तुम्ही तिथून घेतलाच नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्टवर जीएसटी १८ टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता. २८ वरून १८ म्हणजे एमआरपी सुमारे पावणेआठ टक्के खाली यायला हवी, तेव्हा कोणी जुन्या छापील भावावर "दहा टक्के डिस्काउंट" देत असेल तर त्यातलं बरंचसं सरकारनेच दिलेलं आहे.

आता खरा मुद्दा. अल्टरनेटर घ्या, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा पार्ट. चार्जिंग होत नाही म्हणून गाडी शोरूमला गेली की अल्टरनेटर बदला असं एस्टिमेट येतं, छोट्या गाडीलाही साधारण आठ-दहा हजार किंवा वर. तीच गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. तो अल्टरनेटर उतरवतो, टेबलावर चार लांब बोल्ट काढून मधून उघडतो, आत काळी भुकटी साचलेली असते, दोन कार्बन ब्रश झिजून नखाएवढे राहिलेले असतात, बेअरिंग बोटाने फिरवलं की घरघर करतं. ब्रश, बेअरिंग, लागलंच तर रेग्युलेटर, आणि मजुरी, सगळं मिळून बऱ्याचदा दोन-अडीच हजारांत आटपतं. इथे डिस्काउंटचा प्रश्नच नाही, कामच वेगळं आहे. सेल्फचंही तसंच. एसीच्या कॉम्प्रेसरचं बेअरिंग गेलं तरी अख्खा कॉम्प्रेसर सांगतात. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) नुसता बुश, म्हणजे त्यातलं रबर, फाटलं असेल तर प्रेसवर नवीन बुश बसतो, शोरूममध्ये आर्म जातो. हेडलाइटचा एक कान तुटला की अख्खा हेडलाइट.

शोरूमवाले हे सगळं हावरेपणानेच करतात असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे अल्टरनेटर उघडून बसणारा माणूस ठेवलेलाच नसतो, कंपनीने कामाचे तास ठरवून दिलेले असतात, आणि नवीन पार्ट टाकला तर त्याची लेखी वॉरंटी देता येते. बाहेर "साहेब काही नाही होणार" एवढीच वॉरंटी. रोज अहमदाबाद एक्सप्रेसवेवर अपडाऊन असेल तर नवीन अल्टरनेटरचे पैसे द्यायला हरकत नाही, गाडी रावपुऱ्यातून अलकापुरीपर्यंतच जात असेल तर दुरुस्त केलेला वर्षानुवर्षं चालतो. हा, जॉब कार्डवर थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्ट, इंजिन कोटिंग असल्या ओळी न विचारता आलेल्या असतात त्यांचा बचाव मी करणार नाही, पेनाने काट मारा.

मिस्त्रीचंही गणित समजून घ्या. त्याला दुकानात तुमच्यापेक्षा जास्त सूट मिळते आणि तुम्हाला तो एमआरपी लावतो, म्हणजे बाहेर गेल्याने वाचलेले पैसे त्याच्या खिशात. त्यात चोरी असं काही नाही, मजुरी तो कमी सांगतो ती त्याच भरवशावर. तुम्ही पार्ट स्वतः आणून दिला तर मजुरी वाढवून मागेल आणि पार्ट खराब निघाला तर पुन्हा खोलायची मजुरी तुमच्याच गळ्यात. मधला मार्ग असा की पार्ट त्यालाच आणू द्या पण डबा आणि बिल आधी बघा आणि जुना पार्ट परत मागा.

अपघात किंवा पाणी शिरल्याचं काम असेल तर तुलनाच बदलते, कारण पैसे विमा कंपनीचे. तिथे शोरूम किंवा कॅशलेसवालं गॅरेज घ्या. पण साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, मेटलवर गाडीच्या वयाप्रमाणे, काचेवर शून्य, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये तुमचे जातातच. म्हणजे ६,००० चा बंपर असेल तर ३,००० घसारा आणि वरचे ते १,०००, असे तुमच्या खिशातून ४,००० गेले, विम्याने दिले २,०००, आणि त्या २,००० साठी ५० टक्क्यांपर्यंत गेलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) उडाला. असल्या कामाला बाहेरचा डेंटर-पेंटर बरा. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) असेल तर घसारा वाचतो, बोनस मात्र जातोच.

ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री शहरात घुसली तेव्हा बेसमेंटमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. पाण्यात सेल्फ मारून इंजिन लॉक झालं तर ते साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. आणि पुराचा दुसरा परिणाम भंगारात दिसतो. जुन्या गाड्यांचे सेकंडहँड पार्ट घ्यायला माझी ना नाही, दार, बोनेट, अलॉय व्हील, काच, सीट, आरसा हे सगळं तिथे चांगलं मिळतं आणि रंग जुळला तर पेंटिंगचेही वाचतात. पण ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर, वायरिंग सेकंडहँड नको, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर तो पार्ट पाणी पिऊन आलाय समजा. एअरबॅग आणि सीटबेल्ट तर नवीनच, आणि शोरूममध्येच बसवा.

ऑनलाइनचं थोडक्यात: बूडमोसारख्या साइटवर पार्ट नंबर टाकून ओरिजिनल आणि बाकी मेकचे भाव एका जागी दिसतात, भाव काढायला उत्तम, मागवायचं तर विक्रेत्याचं नाव आणि रिटर्नचे नियम वाचून. इलेक्ट्रिकल पार्ट बऱ्याचदा परत घेत नाहीत.

शेव्हरोलेट आणि फोर्डवाल्यांना मात्र हा सगळा वाद परवडत नाही. शेजारी हालोललाच शेव्हरोलेटची फॅक्टरी होती, २०१७ मध्ये बंद झाली आणि तिथे एमजी आली. फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं ठरवलं, साणंदचा प्लांट नंतर टाटाने घेतला. या गाड्यांना फिल्टर, ब्रेक, क्लच बनवणाऱ्यांच्या डब्यात अजून मिळतात, अडतं ते बॉडी पार्ट, हेडलाइट आणि इलेक्ट्रॉनिक्सला, तिथे भाव सोडा, मिळाला तर घ्या अशी गत असते. तुमची बीट किंवा फिगो अजून पाच वर्षं काढायची असेल तर हेडलाइट, साइड मिरर आणि दाराची हँडलं सेकंडहँड चांगली दिसली की घेऊन माळ्यावर टाकून ठेवा, पार्ट नंबर लिहून.