अमेरिकन कॉलेज फुटबॉलसाठी घेतलेलं स्ट्रीमिंग पॅकेज : पाचापैकी तीन तारे

सिएटलमध्ये राहतो, मुलगा युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा, म्हणून घरात तिथली टीम हस्कीज सोडून दुसरी टीम चालत नाही. २०२४ मध्ये वॉशिंग्टन, ओरेगन, यूसीएलए आणि यूएससी बिग टेन या कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या कॉलेज टीमच्या गटात) गेले, आणि मला हे पॅकेज घ्यावंच लागलं. सामने फॉक्स, सीबीएस, एनबीसी आणि बिग टेन नेटवर्कवर विखुरलेले. इथे सगळं एकाच ॲपमध्ये मिळतं, चित्रही स्वच्छ.

वेळापत्रकाचा वैताग मात्र कुठलंच ॲप दूर करणार नाही. पूर्वेकडची दुपारची बारा म्हणजे आमची सकाळची नऊ. पोह्यांची बशी हातात आणि किकऑफ! अठरा टीम, प्रत्येकीला कॉन्फरन्समधले नऊच सामने. रटगर्सच्या टीमशी खेळायला पार न्यू जर्सी गाठायची, आणि वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीशी होणारा ॲपल कप, जो एरवी नोव्हेंबरच्या शेवटी रंगायचा, तो २०२४ मध्ये १४ सप्टेंबरला उरकला. हरलोही, २४-१९. टेक्सासवाल्यांचं नशीब बघा, त्यांची टीम एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेली, आणि त्यामुळेच जुन्या प्रतिस्पर्धी टेक्सास ए अँड एमशी २०११ नंतर पुन्हा भिडता आलं.

समालोचनाबद्दल काय बोलणार? ज्या वाहिनीने ज्या कॉन्फरन्सचे हक्क घेतलेत, तिला तीच भारी वाटते. ईएसपीएनवर एसईसीचं कौतुक, फॉक्सवर बिग टेनचं. मी आवाज बंद करतो.

घेणार असाल तर रेकॉर्डिंगला तासभर जादा लावा. सामने लांबतात आणि शेवटचा ड्राइव्हच (गुणांसाठीची शेवटची चढाई) कापला जातो.