बाबांचा सुपर टॉप-अप: पंधरा महिन्यांनंतर

नोव्हेंबर 2024 मध्ये बाबांसाठी (वय 72) सुपर टॉप-अप, म्हणजे आधीच्या आरोग्य विम्यावरचं जादा कव्हर, घेतला, तेव्हा घरात एकच सूर होता: पाच लाखांची पॉलिसी आहे ना, मग आणखी कशाला? वरचं कव्हर 15 लाख, डिडक्टिबल 5 लाख. म्हणजे वर्षभरात पहिले पाच लाख जुन्या पॉलिसीतून किंवा खिशातून जायचे, त्यानंतर हिची पाळी. पहिला हप्ता जीएसटीसकट 16,520 रुपये. बाबांचा बीपी लपवला नाही. त्यामुळे बीपी आणि त्यातून येणाऱ्या आजारांना 36 महिन्यांचा वेटिंग पिरियड लागला, म्हणजे तोवर त्यांचा खर्च मिळणार नाही.

एजंट आधी साधा टॉप-अप गळ्यात मारत होता, हप्ता कमी म्हणून. तो घेतला असता तर काय झालं असतं, ते बघा.

फेब्रुवारीत बाबा बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं. बिल 3,42,000. ग्लोव्ह्ज, डायपर वगैरे 13,000 आम्ही भरले, बाकी 3,29,000 जुन्या पॉलिसीने कॅशलेस दिले. जुलैत न्यूमोनिया, चार दिवस आयसीयू. बिल 2,86,000, त्यातले मंजूर 2,77,000. पण जुन्या पॉलिसीत उरले होते फक्त 1,71,000. राहिले 1,06,000.

साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक अॅडमिशन स्वतंत्र धरतात. 2,77,000 पाच लाखांच्या आतच, म्हणजे शून्य रुपये मिळाले असते. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो: 6,06,000 वजा पाच लाख. पूर्ण 1,06,000 मिळाले.

पण कसे मिळाले, तेही ऐका. दोन्ही कंपन्या वेगळ्या, म्हणून डिस्चार्जला ते पैसे मी भरले आणि मग रिइम्बर्समेंटच्या मागे लागलो. मूळ बिलं पहिल्या कंपनीकडे. दुसरीला हवे हॉस्पिटलचे शिक्के मारलेले झेरॉक्स, इनडोअर केस पेपर आणि पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर. तेही जुलैचं एकटं चालेना, फेब्रुवारीचंही हवं, कारण बेरीज तिथून सुरू होते. फेब्रुवारीत मी या कंपनीला कळवलंच नव्हतं, तिचा संबंध कुठे येतो म्हणून. चूक माझीच. भर पावसात गोखले रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे 64 पानं काढली, फाइल प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून घरी आणली. पैसे 41व्या दिवशी आले. कस्टमर केअरला दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण.

घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. दोन्ही पॉलिसींची वर्षं वेगळी असली की बेरीज फसू शकते. आमची जुनी जानेवारीला सुरू होते, ही नोव्हेंबरला. दुसरं आजारपण डिसेंबरात आलं असतं तर या पॉलिसीचं वर्ष नवं, आणि पाच लाखांची मोजणी पुन्हा शून्यापासून. जुन्या पॉलिसीत रूम रेंटला मर्यादा असेल तर तेही आधी वाचा. महागडी खोली घेतली की नुसतं खोलीभाडं नाही, डॉक्टरांची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापतात. बाबांना सिंगल रूम हवी होती. आई म्हणाली, "इथे काय पाहुणे जेवायला बोलवायचेत?" ट्विन शेअरिंग घेतली, ते बरं झालं.

सत्तरीपुढच्यांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्डही बाबांचं काढलंय. उत्पन्नाची अट नाही, खाजगी विमा असला तरी चालतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. मात्र हॉस्पिटल त्या योजनेत असावं लागतं, आमचं नव्हतं.

नूतनीकरणाला हप्ता (जीएसटी सोडून) 14,000 वरून 15,100 झाला, पण 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाल्याने एकूण पैसे पहिल्या वर्षापेक्षा कमीच गेले. पॉलिसीला पाचपैकी चार, क्लेमच्या कारभाराला दोन.

आता आईच्या विम्याचा प्रस्ताव भरलाय. ती 68 ची, म्हणून कार्ड अजून नाही. मंगळवारी उपाशीपोटी तपासणीसाठी रक्त द्यायला जायचंय. "तेवढ्यासाठी चहासुद्धा नाही?" एवढीच तिची हरकत आहे.