फोटोतला गाऊन दुसऱ्याच बाईने शिवलेला होता, ऑर्डर द्यायच्या आधी वाचा

मी जर्मनीत लाइपझिगला राहते. इथे 1992 पासून पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत वेव्ह-गोटिक-ट्रेफेन हा गॉथ लोकांचा मोठा मेळा भरतो, आणि शुक्रवारी क्लारा-झेटकिन पार्कात व्हिक्टोरियन पिकनिक असते. चार वर्षं नुसती बघायला जायचे, यंदा ठरवलं आपणही घालायचं.

तेवढ्यात इन्स्टावर एक जाहिरात आली. रोब आ ला फ्रांसेझ, म्हणजे अठराव्या शतकातला फ्रेंच गाऊन, पाठीवर खांद्यापासून थेट जमिनीपर्यंत रुंद बॉक्स प्लीट्स मोकळ्या सोडलेल्या, वात्तो नावाच्या चित्रकारावरून त्यांना वात्तो प्लीट्स म्हणतात. फक्त हा सगळा काळ्या सिल्क टाफेटात, म्हणजे कडक, सळसळणाऱ्या रेशमात, परकरावर चंदेरी काटेरी वेल, कोपराशी लेसच्या तीन झालरी. परीकथेतल्या एखाद्या काळ्या राणीचा असावा असा. 289 युरो, आणि तुमच्या मापाने शिवून. मी कॉर्सेट घालून मापं घेतली, दोनदा तपासून पाठवली.

खरं तर तिथेच हिशोब करायला हवा होता. अशा गाऊनला दहा-बारा मीटर कापड सहज लागतं, इथे चांगला सिल्क टाफेटा मला तरी मीटरला 30 युरोच्या खाली कुठे दिसलेला नाही, म्हणजे नुसत्या कापडाचेच 300 च्या वर गेले, शिलाई बाजूलाच. वेबसाइट जर्मनमध्ये होती पण इम्प्रेसुम, म्हणजे साइट कोणाची आहे ते नाव-पत्त्यासकट सांगणारं पान, नव्हतं, जे इथे कायद्याने लागतं. आणि पैसे पेपालवर फ्रेंड्स अँड फॅमिलीने, म्हणजे ओळखीच्यांना पाठवतो तसे, पाठवा, फी वाचेल म्हणाले. मी पाठवले. त्या पद्धतीत बायर प्रोटेक्शन, म्हणजे फसवणूक झाली तर पेपालकडून पैसे परत मिळायची सोय, मिळत नाही, प्लीज हे लक्षात ठेवा.

सात आठवड्यांनी, पिकनिकच्या पाच दिवस आधी, चीनहून पार्सल आलं. पिशवी इतकी चपटी की हातात घेतल्यावरच पोटात गोळा आला. आत पॉलिएस्टर सॅटिनचा वन-पीस, परकर वेगळा नाहीच, वेल छापलेली, आणि पाठीवर जिथे त्या सुंदर प्लीट्स असायला हव्यात तिथे चेन आणि दोन्ही बाजूंनी जाळीच्या दोन पट्ट्या लोंबत होत्या. आई आयुष्यभर ब्लाउज शिवत आलीये, तिला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, अगं हे तर अस्तराचं कापड आहे, कडेला इंटरलॉकसुद्धा नाही केलेलं. मला तिच्यासमोर रडू आलं.

तक्रार केली तर उत्तर आलं की मापाने शिवलेला माल परत घेत नाही, 20 टक्के देतो, गाऊन ठेवा. ऑनलाइन घेतलेली वस्तू युरोपात 14 दिवसांत परत करता येते, पण मापाने शिवलेल्याला तो हक्क नाही, म्हणूनच तर ते माप मागतात! पण माझ्या गाऊनच्या आत एम साइजचा टॅग होता, म्हणजे तो मापाने शिवलेलाच नव्हता. मी 20 टक्के घेतले नाहीत, टॅगचा फोटो जोडून पोलिसांच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार केली, अजून काही कळलेलं नाही.

मग गूगल लेन्सवर, जिथे फोटो टाकून तो आणखी कुठे आहे ते शोधता येतं, जाहिरातीतला फोटो टाकला, जे आधी करायला दोन मिनिटं लागली असती. मूळ फोटो एका शिवणाऱ्या बाईच्या पेजवर होता, कोपऱ्यातलं तिचं नाव कापून वापरलेला. तिच्याकडे गाऊन आतून कसा शिवलाय त्याचे फोटो होते, पाठीच्या अस्तराला नाड्या, प्लीट्स हाताने टाचताना. विकणाऱ्याकडे असा एकही फोटो नव्हता आणि मी मागितलाही नव्हता. मी तिला लिहिलं, तिने त्याच दिवशी उत्तर दिलं, की तो गाऊन तिने स्वतःसाठी शिवलाय आणि कधीच विकायला काढलेला नाही.